एक फांदी, एक झाड : घरच्या फळझाडांची कलमे कशी मिळवावी व कशी वाढवावी



स्मरणिकेत दरवर्षी विचारप्रधान लेख असतात व ते असलेच पाहिजेत. या वेळी मात्र आम्ही एक साधा, हातांनी करावयाचा विषय घेतला आहे. आपल्या दारात, परसात किंवा गच्चीवरच्या पिंपात एखादे फळझाड असावे असे बहुतेकांना वाटते. पण रोप विकत घ्यायला गेले की खर्च होतो, आणि घेतलेले रोप सांगितलेल्या जातीचेच निघेल याची खात्री नसते. शेजारच्या चांगल्या झाडाची फांदी मागून तिचे झाड करता येते, हे अनेकांना ठाऊक असते; परंतु फांदी मातीत खोचली आणि आठ दिवसांत वाळली असा अनुभव आल्यावर नाद सुटतो. तो नाद सुटू नये, यासाठी हा लेखप्रपंच.

हा विषय आम्हाला का महत्त्वाचा वाटतो?

झाड लावायला जागा लागते, आणि जागा हाच आपल्या समाजाचा जुना प्रश्न आहे. गावकुसाबाहेरच्या वस्तीत एकाला लागून एक घर. परस कुठला आणि अंगण कुठले? बागेत राबायला आपली माणसे, पण बाग दुसऱ्याची. वतनाच्या जोखडातून समाजाला सोडविण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. १९९० साली महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली व राज्याची फलोत्पादनात मोठी प्रगती झाली. पण ज्याच्या नावावर सातबारा त्याच्याच शेतात ती बाग उभी राहणार, हे उघड आहे.

आज आपल्यापैकी अनेकांची स्वतःची घरे झाली. सोसायटीत, वसाहतीत, गावच्या नव्या घरकुलात दोन हात का होईना, मोकळी जागा मिळाली. ती जागा बाग करण्याएवढी नाही, पण एका डाळिंबाला किंवा एका पेरूला पुरेशी आहे. घरच्या झाडाचे फळ मुलांच्या हाती पडणे ही छोटी गोष्ट नव्हे. आणि त्यासाठी लागणारी फांदी पैशाने नव्हे, ज्ञानाने मिळते.

धम्माच्या इतिहासातील फांदी

फांदी देणे-घेणे आपल्या परंपरेला नवे नाही. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या व पशूंच्या उपयोगी पडणाऱ्या वनस्पती, मुळे आणि फळे जिथे नव्हती तिथे आणवून लावल्याचा उल्लेख आहे. सातव्या स्तंभलेखात रस्त्यांच्या कडेला वड व आमराया लावल्याची नोंद आहे. म्हणजे दोन हजार दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका राजाने फळझाड लावण्याचे काम दगडावर कोरून ठेवण्याच्या योग्यतेचे मानले.

त्याच अशोकाची कन्या भिक्खुणी संघमित्रा हिने बोधिवृक्षाची फांदी समुद्रापार श्रीलंकेला नेली. ती अनुराधपूरला लावली गेली आणि त्या वृक्षाची पूजा व निगा आजही अखंड चालू आहे. इकडे बुद्धगयेचा मूळ वृक्ष काळाच्या ओघात एकाहून अधिक वेळा नष्ट झाला. १९३१ साली सारनाथ येथे मूलगंधकुटी विहार झाला, तेव्हा अनागारिक धर्मपालांनी अनुराधपूरच्याच वृक्षाचे रोप तिथे लावले. जे दिले होते ते परत आले. दिलेली फांदी वाया जात नाही, हा यातला बोध आम्ही या लेखाच्या शेवटी पुन्हा सांगणार आहोत.

बी का नको, फांदी का?

विद्यार्थी मित्रांनी हे नीट समजून घ्यावे. बी हे दोन झाडांच्या संयोगातून तयार होते. एक गुण आईचा, एक गुण बापाचा. म्हणून गोड डाळिंबाच्या दाण्यापासून आलेले झाड गोडच निघेल असे नाही. फांदी मात्र त्याच झाडाचा भाग असते. तिच्यापासून झालेले झाड म्हणजे मूळ झाडच दुसऱ्या जागी उभे राहिले असे समजावे. रंग, चव, दाण्याचा मऊपणा सारे तेच. दुसरा फायदा वेळेचा. बियांपासून आलेल्या झाडाला बालपण काढावे लागते. फांदी आधीच वयात आलेल्या झाडाची असल्यामुळे तिला फळ लवकर धरते. डाळिंब व अंजीर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ दाखवू लागतात.

यालाही अपवाद आहे. कागदी लिंबाच्या एका बीतून बहुधा एकापेक्षा अधिक अंकुर निघतात. त्यांतले जोमदार अंकुर संयोगाचे नसून आईच्याच पेशींपासून झालेले असतात. म्हणून लिंबाची रोपे बियांपासून करूनही ती मूळ झाडासारखी येतात. एका बीतून आलेल्या रोपांपैकी दुबळे उपटून टाकावे आणि जोमदार ठेवावे. मात्र असे झाड फळाला यायला चार-पाच वर्षे थांबावे लागते.

कोणत्या झाडाची फांदी लागते, कोणत्या झाडाची लागत नाही?

पहिली चूक इथेच होते. आंब्याची फांदी मातीत खोचून आंबा येत नाही. कष्ट वाया जाऊ नयेत म्हणून झाडांचे तीन गट लक्षात ठेवावेत.

१) नुसती फांदी लावून येणारी झाडे : डाळिंब, अंजीर, द्राक्ष, तुती. याला फाटे कलम किंवा छाट कलम म्हणतात. शेवग्याची मनगटाएवढी जाड, हात-दीड हात लांब खांडकीही पावसाळ्याच्या तोंडावर लावली की लागते. ते फळझाड नसले तरी घरच्या स्वयंपाकाला मोठा आधार आहे.

२) झाडावरच मुळ्या फोडून मग तोडायची झाडे : पेरू, लिंबू, डाळिंब. याला गुटी कलम म्हणतात. पेरूची नुसती फांदी सहसा लागत नाही, पण गुटी चांगली लागते.

३) दुसऱ्या खुंटावर बांधायची झाडे : आंबा, चिकू, आवळा, बोर, सीताफळ. यांत एका रोपाच्या खुंटावर चांगल्या झाडाची काडी बसवावी लागते किंवा डोळा भरावा लागतो. आंब्याचे कोय कलम, चिकूचे खिरणीच्या खुंटावरील कलम ही कसबाची कामे आहेत. ती लेख वाचून नव्हे, कुणाजवळ बसून शिकावीत. तोपर्यंत ही रोपे खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्यावीत.

केळी मुनव्यापासून, पपई बियांपासून आणि नारळ नारळापासूनच करतात. त्यांत कलमाचा प्रश्न येत नाही.

नवशिक्याने डाळिंब किंवा तुतीपासून सुरुवात करावी. तुती तर इतकी सहज लागते की मुलांचा उत्साह टिकतो. द्राक्षाची काडीही सहज लागते, परंतु पुढे केवडा, भुरी यांसारखे रोग आणि वर्षातून दोनदा छाटणी यामुळे वेलीची निगा सोपी नाही. दमट हवेच्या कोकणपट्टीत तर तिच्या वाटेला न गेलेले बरे.

फांदी मिळवावी कुठून?

पहिली व सर्वांत चांगली जागा म्हणजे ओळखीच्या घरचे झाड. त्या झाडाचे फळ आपण खाल्लेले असते, ते किती धरते हे पाहिलेले असते. दुसरी जागा म्हणजे बागायतदाराची छाटणी. द्राक्षबागेत एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते. ऑक्टोबरच्या छाटणीत पक्व काड्यांचे ढीग बांधावर पडतात आणि पुढे जाळले जातात. डाळिंब व अंजिराच्या बागांतही बहाराच्या आधी छाटणी असते. त्या दिवशी जाऊन मागितले तर बहुतेक बागायतदार आनंदाने देतात. आपल्यापैकी जे बांधव बागेत कामाला जातात त्यांनी मालकाला विचारून अशा काड्या आणल्या तर साऱ्या वस्तीचे काम होईल. मात्र छाटलेली काडी त्याच दिवसाची हवी. दोन दिवस उन्हात पडलेली काडी म्हणजे सरपण.

तिसरी जागा म्हणजे कृषी विद्यापीठांच्या व शासकीय रोपवाटिका. राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी येथे आपल्या राज्यातील चार कृषी विद्यापीठे आहेत. पुण्याच्या गणेशखिंड फळबागेतूनच 'गणेश' डाळिंब व 'सरदार' पेरू या नामांकित जाती पुढे आल्या. अशा ठिकाणाहून एकच खात्रीचे रोप विकत घ्यावे, ते दोन-तीन वर्षे वाढवावे आणि मग त्याच्या फांद्या सगळ्यांना द्याव्यात. पंधरा घरांनी पंधरा रोपे घेण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. कुंपणाबाहेर आलेली फांदी पाहून तोडण्याचा मोह होतो. पण जे दिलेले नाही ते घ्यायचे नाही, हे पंचशीलातील दुसरे शील फांदीलाही लागू आहे. विचारले तर शंभरात नव्वद माणसे नाही म्हणत नाहीत. आणि विचारल्यामुळे झाडाची जात, वय, पाणी, रोग यांची जी माहिती मिळते ती चोरून आणलेल्या फांदीबरोबर येत नाही.

आई झाड कसे निवडावे?

फांदीबरोबर झाडाचे गुण येतात तसे रोगही येतात. डाळिंबावरचा तेल्या म्हणजेच तेलकट डाग रोग हे याचे जळजळीत उदाहरण. २००० नंतरच्या दशकात सोलापूर, नाशिक भागांतील अनेक डाळिंबबागा या रोगाने ग्रासल्या गेल्या. हा जिवाणूजन्य रोग रोगट काड्यांतून व कलमांतून नव्या जागी पोहोचतो. म्हणून पानांवर तेलकट काळपट डाग, खोडावर भेगा, फळांवर डाग पडून तडकणे यांपैकी काहीही दिसले तर त्या झाडाची काडी फुकटातही घेऊ नये. झाड अचानक एका बाजूने पिवळे पडून वाळत असेल तर मर रोगाचा संशय धरावा. अंजिराच्या पानांवर पिवळट चट्टेपट्टे व पाने वेडीवाकडी असतील तर तेही झाड टाळावे. विकतचे किंवा भेट मिळालेले रोप लावण्याआधी मुळ्या पाहाव्यात. मुळ्यांवर गाठी असल्यास तो सूत्रकृमीचा उपद्रव असतो आणि एकदा का तो आपल्या मातीत आला की निघता निघत नाही.

शक्य असेल तर झाड एक हंगाम पाहावे. फुलांनी लगडलेले झाड फळांनी लगडतेच असे नाही. ज्याचे फळ खाल्ले त्याचीच फांदी घ्यावी, हा सोपा नियम.

फाटे कलम करण्याची रीत

थंडीच्या अखेरीस, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, डाळिंब व अंजीर विश्रांतीत असतात. फांदीत अन्नाचा साठा असतो आणि नवी पालवी फुटलेली नसते. हीच वेळ योग्य.

१) मागील हंगामात आलेली, साधारण एक वर्षाची, पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी निवडावी. हिरवी लुसलुशीत फांदी कुजते. फार जुनी, जाड फांदी मुळ्या फोडायला आळस करते. झाडाच्या बुंध्यातून सरळ वर येणारे फोक डाळिंबावर पुष्कळ येतात; पण ते मूळ झाडाचेच आहेत की खालच्या खुंटाचे, याची खात्री करून घ्यावी.

२) सिकेटर किंवा धारदार चाकू स्पिरिटने पुसून घ्यावा. प्रत्येक झाडानंतर पुन्हा पुसावा. रोग पसरविण्यात हत्याराचा वाटा मोठा असतो.

३) वीतभर, म्हणजे २० ते २५ सेंटीमीटर लांबीचे, चार-पाच डोळे असलेले तुकडे करावेत. खालचा काप डोळ्याच्या अगदी लगत आडवा घ्यावा, वरचा काप डोळ्याच्या बोटभर वर तिरका घ्यावा. यात दोन हेतू साधतात. तिरक्या कापावर पाणी साचत नाही, आणि वरची बाजू कोणती हे ओळखता येते. काडी उलटी लावली तर ती लागत नाही. ही चूक हसण्यासारखी वाटली तरी आम्ही स्वतः ती केली आहे.

४) सर्व पाने काढून टाकावीत. पाने पाणी उडवतात, आणि ते पाणी भरून देणाऱ्या मुळ्या अजून नसतात. अंजिराच्या कापातून चीक गळतो. तो अंगाला लागल्यास खाज सुटते, म्हणून हात धुवावेत व काडीही पाण्याने धुऊन घ्यावी.

५) शेतीसेवा केंद्रात मुळ्या फुटण्यासाठी संजीवकाची पूड मिळते. काडीचे खालचे टोक ओले करून पुडीत बुडवावे व झटकून लावावे. पूड नसेल तर अडून राहू नये. तुती, अंजीर, द्राक्ष तिच्यावाचूनही लागतात. काही जण कोरफडीचा गर लावतात. लावावयास हरकत नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नये.

६) दुधाच्या एक लिटरच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, तळाशी चार-पाच भोके पाडून वापराव्यात. त्यात निम्मी पोयटा माती व निम्मी वाळू भरावी. या वेळी शेणखत जास्त घालू नये, ओले शेण तर मुळीच नको; त्याने काडी कुजते आणि वाळवी येते. आधी काठीने भोक पाडून मग काडी दोन-तृतीयांश आत जाईल अशी ठेवावी व माती घट्ट दाबावी. काडी आणि माती यांच्यात हवा राहिली तर तिथे मुळी फुटत नाही.

७) पिशव्या सावलीत ठेवाव्यात. माती ओलसर हवी, चिखल नको. दिवसाआड बोट घालून पाहावे. बोटाला ओल लागली तर पाणी देऊ नये. पाणी कमी पडून जेवढ्या काड्या मरतात, त्याहून अधिक जास्त पाण्याने मरतात.

लांबून काड्या आणायच्या असतील तर ओल्या गोणपाटात किंवा ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. एस.टी.च्या टपावर टाकू नये, मांडीवर घ्यावी. जुडीला जातीचे नाव लिहिलेली चिठ्ठी बांधावी, कारण घरी आल्यावर सगळ्या काड्या सारख्याच दिसतात.

फसवी पालवी

पंधरा-वीस दिवसांत काडीला हिरवे कोंब फुटतात. घरात आनंद होतो. पुष्कळांचे काम इथेच बिघडते. हे कोंब काडीत साठलेल्या अन्नावर आलेले असतात, मुळ्यांवर नव्हे. मुळ्या फुटायला दीड-दोन महिने लागतात. पालवी पाहून रोप उन्हात ठेवले किंवा मोठ्या कुंडीत हलविले की कोंब माना टाकतात. मुळ्या फुटल्या का, म्हणून काडी उपटून पाहणाऱ्याला तर काहीच मिळत नाही, कारण नुकती फुटलेली मुळी केसासारखी नाजूक असते. पालवी सतत वाढत राहिली, पाने मोठी झाली, पिशवीच्या भोकातून पांढरी मुळी डोकावली, की काडी लागली असे समजावे.

पहिल्या वर्षी आम्ही लावलेल्या डाळिंबाच्या काड्यांपैकी निम्म्याहून अधिक वाळल्या. त्याचे कारण हीच घाई आणि रोज घातलेले पाणी. म्हणून एका झाडाची गरज असेल तर पाच-सहा काड्या लावाव्यात. सगळ्या लागल्या तर उरलेल्या वाटता येतात.

गुटी कलम करण्याची रीत

गुटीमागील तत्त्व विद्यार्थ्यांना विज्ञानाच्या पुस्तकात भेटतेच. पाणी मुळांकडून लाकडातून वर चढते. पानांनी तयार केलेले अन्न सालीतून खाली उतरते. सालीचे एक कडे काढून टाकले की पाणी वर जात राहते, फांदी जिवंत राहते. पण खाली येणारे अन्न त्या जागी अडते. तिथे ओल आणि अंधार दिला की मुळ्या फुटतात.

पावसाळ्यात, जून ते ऑगस्टमध्ये, पेन्सिलीएवढी जाड, एक वर्षाची निरोगी फांदी निवडावी. डोळ्याच्या लगेच खाली सुमारे एक इंच रुंदीचे सालीचे कडे गोल काढावे. उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने खरवडून काढावा. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळ्या फुटत नाहीत. वरच्या कडेला संजीवकाची पूड लावावी. भिजवून घट्ट पिळलेले शेवाळ, म्हणजे रोपवाटिकेच्या दुकानात मिळणारे मॉस, मुठीएवढे घेऊन त्याभोवती बसवावे आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्याने गुंडाळून दोन्ही टोके सुतळीने करकचून बांधावीत. आत पावसाचे पाणी शिरता कामा नये, आतली ओल बाहेर जाता कामा नये.

चार ते सहा आठवड्यांत प्लॅस्टिकमधून मुळ्या दिसू लागतात. पांढऱ्या मुळ्या तपकिरी होईपर्यंत थांबावे. मग गुटीच्या खाली फांदीला अर्धा काप द्यावा, आठवड्याने पूर्ण तोडावी. असे केल्याने फांदीला एकदम धक्का बसत नाही. निम्मी पाने कमी करून, प्लॅस्टिक सोडून, पिशवीत माती, वाळू व कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणात लावावी आणि महिनाभर सावलीत ठेवावी.

कायमच्या जागी लावणे

उन्हाळ्यात दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा खणून उन्हात तापू द्यावा. दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत मातीत मिसळून भरावे. चांगला पाऊस झाल्यावर रोप लावावे व काठीचा आधार द्यावा. जमीन नसेल तर प्लॅस्टिकचे पिंप मधोमध कापून त्याच्या तळाला भोके पाडावीत, विटांचे तुकडे घालून माती भरावी. डाळिंब, लिंबू व अंजीर पिंपातही फळ देतात. भरलेल्या पिंपाचे वजन गच्ची पेलेल का, याची मात्र आधी जाणकाराकडून खात्री करून घ्यावी. पहिल्या वर्षी फुले आली तर ती खुडावीत. झाडाला आधी अंग धरू द्यावे.

पौर्णिमांप्रमाणे कामाची आठवण

तारखा विसरतात, पण पौर्णिमेला आपण विहारात येतोच. म्हणून कामे पौर्णिमांना बांधून घ्यावीत.

पौष व माघ पौर्णिमा : डाळिंब, अंजीर, तुतीच्या काड्या लावणे.

वैशाख पौर्णिमा : खड्डे खणून ठेवणे.

आषाढ पौर्णिमा : वर्षावासाचा आरंभ. लागलेली रोपे जमिनीत लावणे, पेरू व लिंबाच्या गुट्या बांधणे.

भाद्रपद पौर्णिमा : मुळ्या फुटलेल्या गुट्या उतरविणे.

अश्विन पौर्णिमा : वर्षावासाची सांगता. द्राक्षाच्या छाटणीतील काड्या आणून लावणे.

वर्षावासाची प्रथा सुरू झाली तीच मुळी पावसाळ्यात नव्याने उगवलेले कोंब व लहान जीव पायाखाली तुडवले जाऊ नयेत म्हणून. त्या काळात आपण एक रोप लावले तर त्या प्रथेचा अर्थ मुलांना वेगळा समजावून सांगण्याची गरज राहणार नाही.

दिलेली फांदी परत येते

आमच्या वसाहतीत एका आजींच्या दारात डाळिंबाचे जुने झाड होते. दाणा मऊ, रस भरपूर. मागेल त्याला त्या फांदी देत. "माझं काय जातंय? छाटली की आणखी फुटतं," असे म्हणत. पुढे गटाराच्या कामात ते झाड मुळासकट निघाले. आजी दोन दिवस जेवल्या नाहीत. पण त्यांनी दिलेल्या फांद्यांपैकी तीन शेजारपाजारच्या घरी लागल्या होत्या. त्यांतल्या एका झाडाची काडी माघात लावली आणि पावसाळ्यात तिचे रोप आजींच्या दारी गेले. आजींनी ते गटारापासून चार हात दूर लावून घेतले. ज्याने झाड स्वतःपुरते ठेवले त्याचे झाड गेले की गेलेच. ज्याने वाटले त्याचे झाड जात नाही. अनुराधपूर आणि सारनाथचा इतिहास आम्हाला आमच्याच गल्लीत पाहायला मिळाला.

म्हणून सभासदांना आमची नम्र सूचना अशी. विहारात एक साधी वही ठेवावी. ज्याच्या घरी फळझाड आहे त्याने त्यात झाडाचे नाव, जात ठाऊक असल्यास जात, फळ केव्हा येते आणि फांदी देण्याची तयारी आहे का, एवढे लिहावे. ज्याला हवी त्याने वही पाहून, जाऊन, मागून घ्यावी. फांदी नेणाऱ्यावर एकच बंधन असावे : आपले झाड लागले की त्याने पुढच्या दोन घरांना फांदी द्यावी आणि ती कशी लावायची हेही शिकवावे. विद्यार्थ्यांनी वही सांभाळण्याचे काम घ्यावे. कोणत्या काड्या लागल्या, कोणत्या वाळल्या, का वाळल्या, याची नोंद ठेवावी. पुढच्या वर्षी ती नोंद या लेखापेक्षा अधिक उपयोगाची ठरेल.

जमिनीचा प्रश्न एका डाळिंबाने सुटणार नाही, हे आम्ही जाणतो. तो लढा वेगळा आहे आणि तो चालूच राहील. पण जी दोन हात जागा आपल्या वाट्याला आली आहे ती रिकामी का ठेवावी? येत्या माघ पौर्णिमेला विहारात येताना, ज्यांच्याकडे झाड आहे त्यांनी ओल्या कापडात गुंडाळून चार काड्या आणाव्यात आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनी दुधाच्या रिकाम्या पिशव्या आणाव्यात. माती व वाळूची व्यवस्था आम्ही करू.

नमो बुद्धाय! जय भीम!